चौकातील कबुली, उपोसथातील मौन

1866 साली दोस्तोयेव्हस्कीची 'क्राइम अँड पनिशमेंट' ही कादंबरी 'रुस्की वेस्तनिक' या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे जवळजवळ सगळे कथानक सेंट पीटर्सबर्गमध्ये घडते. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1869 साली, त्याच शहरात इव्हान मिनायेव या तरुण पंडिताने 'प्रातिमोक्षसूत्र' हा ग्रंथ मूळ पालीसह रशियन भाषांतर करून प्रकाशित केला. पहिल्या पुस्तकात एक माजी विद्यार्थी दोन स्त्रियांचा खून करतो आणि अखेर पोलीस कचेरीत जाऊन तो कबूल करतो. दुसरे पुस्तक भिक्षुसंघाने दर पंधरवड्याला एकत्र बसून म्हणावयाच्या नियमांचे आहे, आणि त्या म्हणण्याचा गाभाही कबुली हाच आहे. ही दोन पुस्तके एकमेकांना ओळखत नव्हती. कोणावर कोणाचा प्रभाव पडला, असा दावा आम्हाला करावयाचा नाही. परंतु एकाच शहरात, एकाच दशकात, अपराधाच्या उच्चाराचे दोन इतके भिन्न विधी छापले जावेत, हा योगायोग आम्हाला अनेक वर्षे खुणावत आला आहे. ती दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर काय दिसते, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

असा शोध घेण्यात एक धोका आहे आणि तो आरंभीच सांगितलेला बरा. मराठीत 'कर्म' हा शब्द फार झिजलेला आहे. 'माझं कर्म!' असे म्हणून आपण कपाळाला हात लावतो तेव्हा आपण कृतीविषयी बोलत नसतो, दैवाविषयी बोलत असतो. 'करावे तसे भरावे' या म्हणीत कृती आहे खरी; पण तिथेही भर असतो तो भरण्यावर, म्हणजे हिशेब चुकता होण्यावर. हा झिजलेला शब्द घेऊन रास्कोल्निकोवकडे गेलो तर हाती एवढेच लागते की त्याने पाप केले आणि त्याला शिक्षा झाली. त्यासाठी बुद्धापर्यंत जाण्याची गरज नाही. बौद्ध विचारातील कर्म हे यापेक्षा सूक्ष्म आहे, आणि कादंबरीही या हिशेबापेक्षा पुष्कळच गुंतागुंतीची आहे.

प्रथम कादंबरीतील कबुल्यांकडे पाहू. त्या मुख्यतः तीन आहेत. रास्कोल्निकोव पहिल्यांदा बोलतो तो सोन्याजवळ, तिच्या खोलीत. तिथेही तो 'मी मारले' असे सरळ म्हणत नाही. तो तिलाच ओळखावयास लावतो. दुसरी कबुली सेन्नाया चौकातील. सोन्याने त्याला सांगितलेले असते की चौरस्त्यावर जा, ज्या भूमीला तू विटाळलेस तिचे चुंबन घे आणि साऱ्या जगाला ओरडून सांग. तो गुडघे टेकतो, मातीचे चुंबन घेतो. पण भोवतालचे लोक त्याला दारूडा समजून हसतात आणि ओठांवर आलेले शब्द तिथेच विरतात. तिसरी कबुली पोलीस कचेरीतील. तिथेही तो आधी न बोलताच परत फिरतो. बाहेर उभ्या असलेल्या सोन्याचा चेहरा पाहिल्यावर तो पुन्हा आत जातो आणि बोलतो.

हा क्रम केवळ नाट्यासाठी नाही. त्यामागे रशियातील कबुलीचा इतिहास उभा आहे. जुन्या रशियन कायद्यात आरोपीची स्वतःची कबुली हा सर्वांत श्रेष्ठ पुरावा मानला जाई. 1864 सालच्या न्यायसुधारणांनी ज्यूरीपुढे उघड सुनावणी आणली, आणि या नव्या न्यायालयांचे काम पीटर्सबर्गमध्ये सुरू झाले ते 1866 साली, म्हणजे कादंबरी छापली जात असतानाच. तपास अधिकारी पोर्फिरी पेत्रोविच हा या संक्रमणकाळाचा माणूस आहे. त्याच्या हाती भौतिक पुरावा जवळजवळ नाही. तो वाट पाहतो ती आरोपीचे मन स्वतःहून फुटण्याची. धर्माच्या क्षेत्रातही स्थिती निर्मळ नव्हती. पीटर द ग्रेटच्या राजवटीत, 1722 साली, राज्याविरुद्धचा कट पापनिवेदनात कळला तर पुरोहिताने तो शासनाला कळवावा असा आदेश निघाला होता. पापनिवेदन आणि पोलीस यांच्यामधील भिंत अशी आधीच खचलेली होती. सोन्या रास्कोल्निकोवला चर्चमध्ये पाठवत नाही, चौकात पाठवते, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचावयास हवी. चर्च आणि कचेरी या दोहोंच्या आधीची एक कबुली तिला हवी आहे. भूमीपुढची आणि लोकांपुढची.

आता मिनायेवच्या पुस्तकाकडे वळू. पातिमोक्खाचे पठण हा उपोसथाचा विधी. मराठी वाचकाला त्याची ओळख धर्मानंद कोसंबी यांच्या 'बौद्ध संघाचा परिचय' या पुस्तकातून होऊ शकते. विनयपिटकातील 'महावग्ग' सांगतो की पंधरवड्याच्या ठराविक तिथींना भिक्षूंनी एकत्र जमावे, ही सूचना मुळात मगधाचा राजा बिंबिसार याची. अन्य पंथांचे परिव्राजक तसे जमत असत आणि लोक त्यांचे बोलणे ऐकावयास जात असत. बुद्धाने ती सूचना स्वीकारली आणि पुढे त्या सभेत नियमांचे पठण सुरू झाले. पाली परंपरेत भिक्षूंसाठी हे नियम 227 आहेत. प्रत्येक वर्गाचे नियम म्हणून झाले की पठण करणारा भिक्षू सभेला तीनदा विचारतो, आपण यांत शुद्ध आहात काय? सभा गप्प राहते, आणि ते मौन हेच शुद्धीचे उत्तर मानले जाते. आपला अपराध आठवत असूनही जो गप्प राहील त्याने जाणूनबुजून असत्य बोलल्याचा आणखी एक दोष केला, असे समजले जाते.

येथे कबुलीचे रूप किती निराळे आहे पाहा. बहुतेक दोषांची देशना, म्हणजे उच्चारून सांगणे, सभेच्या आधीच दुसऱ्या भिक्षूजवळ होते. ऐकणारा भिक्षू क्षमा करीत नाही, पाप धुऊन टाकीत नाही, देवाच्या वतीने बोलत नाही. तो इतकेच विचारतो की तुला तो दोष दिसतो आहे ना, आणि पुढे संयम राखशील ना. दोष दिसणे आणि पुढे आवरणे, या दोन टोकांमध्ये सगळा विधी सामावलेला आहे. रडण्याला, छाती पिटण्याला, स्वतःला धिक्कारण्याला त्यात जागा नाही. त्याचबरोबर या विधीची मर्यादाही स्पष्ट आहे. चार पाराजिक दोषांना देशना उपयोगी पडत नाही. ते करणारा भिक्षू संघाबाहेर जातो. मनुष्यवध हा त्या चारांपैकी एक आहे. म्हणजे रास्कोल्निकोवचा अपराध भिक्षूच्या हातून घडला असता तर कोणत्याही कबुलीने त्याचे चीवर राहिले नसते. बौद्ध परंपरा 'मऊ' आहे, अशी जी समजूत आपल्या वर्गांतून आढळते, तिला हे उत्तर पुरेसे आहे.

रास्कोल्निकोवचे कर्म कोणते, हा प्रश्न आता विचारता येईल. उत्तर सोपे वाटते, कुऱ्हाडीचे घाव. परंतु अंगुत्तर निकायात बुद्धाने कर्माची व्याख्या चेतना अशी केलेली आहे. चेतनेपूर्वक मनुष्य कायेने, वाचेने, मनाने कर्म करतो. मज्झिम निकायातील उपालिसुत्तात या मुद्द्यावर निगंठांशी वाद आहे. निगंठांच्या मते कायेचे कर्म सर्वांत भारी. बुद्धाच्या मते मनाचे. ही व्याख्या हाती धरली की कादंबरीचा पहिला भाग निराळाच दिसू लागतो. खून होईपर्यंत वाचकाने कितीतरी पाने वाचलेली असतात, आणि त्या पानांत रास्कोल्निकोव काय करतो? तो पावले मोजतो, घराची 'तालीम' करून येतो, खाणावळीतले संभाषण मनात घोळवतो. त्याहीआधी त्याने असामान्य माणसांना रक्त सांडण्याचा अधिकार असतो, असा लेख लिहिलेला असतो. एक निरुपयोगी, दुष्ट म्हातारी वजा करून हजारो सत्कृत्ये जमा करावयाची, हे गणित त्याच्या मनात तयार असते. कुऱ्हाड उचलली जाण्यापूर्वीच कर्म आकाराला येऊ लागलेले असते. घोडीला मरेपर्यंत मारण्याचे ते भयंकर स्वप्न पाहिल्यानंतर तो क्षणभर या साऱ्यापासून मुक्त होतो. चेतना बदलू शकते, याची ही खूण आहे. आणि मग लिझावेता अमुक वेळी घरी नसणार, हे त्याच्या योगायोगाने कानावर पडते आणि तो क्षण निसटतो. तो स्वतः याला दैव मानतो. दोस्तोयेव्हस्की मात्र वाचकाला हे दाखवतो की ज्याच्या मनात ते गणित आधीच मांडलेले नव्हते त्याच्यासाठी ते चौकातले बोलणे हे नुसते बोलणे ठरले असते.

या ठिकाणी एक भाषिक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. कादंबरीच्या रशियन नावातील 'प्रेस्तुप्लेनिये' या शब्दात ओलांडून पाऊल टाकण्याचा अर्थ आहे, आणि रास्कोल्निकोव त्या अर्थाशी सतत खेळत असतो. आपण मर्यादा ओलांडू शकतो की नाही, हाच त्याचा प्रश्न आहे. पालीत कबुलीच्या वेळी अपराधासाठी येणारा शब्द 'अच्चय' आहे. तो 'अति' आणि 'जाणे' या अर्थाचा धातू यांपासून झालेला आहे, म्हणजे पलीकडे जाणे. दोन दूरच्या भाषांनी अपराधाला एकच चित्र दिले आहे. फरक असा की रास्कोल्निकोवच्या दृष्टीने ओलांडणारा तो असतो. पाली कबुलीच्या वाक्यरचनेत मात्र अच्चय हा कर्ता होतो. मी त्याला ओलांडले नाही, तोच माझ्यावरून गेला. हे जबाबदारी झटकणे नव्हे, कारण पुढच्याच शब्दांत बोलणारा स्वतःला अजाण, मूढ म्हणवून तो दोष आपला म्हणून पुढे ठेवतो. येथे लोपतो तो पराक्रमाचा आव. नेपोलियन होण्यासाठी ज्याने खून केला त्याच्यासाठी ही व्याकरणातील नम्रता अत्यंत कठीण आहे.

किती कठीण, ते उपसंहारात दिसते. बऱ्याच वाचकांची अशी समजूत असते की पोलीस कचेरीतील कबुली म्हणजेच पश्चात्ताप. कादंबरी असे सांगत नाही. रास्कोल्निकोवला आठ वर्षांची सक्तमजुरी होते. त्याने स्वतःहून कबुली दिली, ही गोष्ट शिक्षा सौम्य होण्याचे एक कारण ठरते. परंतु सैबेरियात पोहोचल्यावरही त्याला आपल्या कृत्याचा पश्चात्ताप वाटत नाही. आपण ते पेलू शकलो नाही आणि जाऊन कबुली दिली, एवढाच आपला गुन्हा, असे तो मानतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कबुली पूर्ण झाली. आणि तरी ज्याला विनय 'दोष दिसणे' म्हणतो ते घडलेच नाही.

मग कादंबरीभर त्याला जो ताप, जी भ्रांती, जी तगमग होते ती काय? समीक्षेत तिला सरसकट अपराधभाव म्हटले जाते. बौद्ध मानसशास्त्र येथे एक उपयुक्त भेद करते. केलेल्याची आणि न केलेल्याची रुखरुख, हळहळ, मनाची कुरतड यासाठी पालीत 'कुक्कुच्च' असा शब्द आहे, आणि पाच नीवरणांमध्ये, म्हणजे चित्ताला झाकून टाकणाऱ्या अडथळ्यांमध्ये, तो अस्वस्थतेच्या जोडीने येतो. याउलट 'हिरी' आणि 'ओत्तप्प', म्हणजे अकुशल कृतीची आतून वाटणारी लाज आणि तिच्या परिणामांची चाड, यांना जगाचे रक्षण करणारे धर्म मानलेले आहे. रुखरुख ही मागे पाहणारी असते आणि तिच्या केंद्रस्थानी 'मी' असतो. लाज आणि चाड यांची दृष्टी पुढच्या कृतीकडे व दुसऱ्या जिवाकडे असते. रास्कोल्निकोवच्या वाट्याला आलेली यातना बहुतांशी कुक्कुच्च आहे. ती खरी आहे, तीव्र आहे, पण ती त्याला शहाणे करीत नाही. यातना भोगल्याने माणूस शुद्ध होतोच, असा जो निष्कर्ष या कादंबरीतून काढला जातो, तो या भेदाने तपासून पाहावा असे आम्हाला वाटते. संयुत्त निकायातील एका सुत्तात बुद्ध अशाच अर्थाचे सांगतो. केलेले वाईट झाले खरे, पण हळहळीने ते न केलेले होणार नाही, हे जाणून माणसाने ते सोडावे, पुढे तसे करू नये आणि मैत्रीने चित्त भरून टाकावे. कैदेतील रास्कोल्निकोवच्या जीवनात पालट होतो तो कोणत्याही आत्मनिर्भर्त्सनेने होत नाही. आजारातून उठल्यावर, नदीकाठी, सोन्याविषयीच्या प्रेमाने होतो. दोन परंपरा येथे जवळ येतात.

दुसरीकडे त्या दूरही जातात. दीघ निकायातील सामञ्ञफलसुत्त ही आमच्या मते जागतिक वाङ्मयातील कबुलीची एक थोर कथा आहे. पित्याला मारून गादीवर बसलेला अजातशत्रू चांदण्या रात्री जीवकाच्या आम्रवनात बुद्धाकडे येतो. तिथे 1250 भिक्षू बसलेले आहेत, पण खोकल्याचाही आवाज नाही. ती शांतता ऐकून राजा घाबरतो. जीवका, तू मला शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना, असे विचारतो. अपराधी मनाचे इतके अचूक चित्र क्वचितच सापडेल. ज्याने विश्वासघात केला त्याला शांततेतही दगाच ऐकू येतो. शेवटी तो पितृहत्येची कबुली देतो. बुद्ध ती स्वीकारतो. दोष दोष म्हणून पाहणे आणि पुढे संयम राखणे ही वाढच आहे, असे म्हणतो. राजा आनंदाने निघून जातो. तो गेल्यावर मात्र बुद्ध भिक्षूंना सांगतो की याने पित्याला मारले नसते तर याच आसनावर त्याला धर्मदृष्टी लाभली असती. कबुली स्वीकारली गेली. फळ पुसले गेले नाही. आणि मारला गेलेला तो पिता म्हणजे बिंबिसार, ज्याच्या सूचनेवरून भिक्षूंच्या त्या नियमित सभा सुरू झाल्या, तोच. परंपरेने या दोन गोष्टी जोडून दाखवलेल्या नाहीत. पण एकदा लक्षात आल्यावर त्या विसरता येत नाहीत.

अंगुलिमालाची कथा याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडते. रास्कोल्निकोवला सोन्या लाझारसच्या पुनरुत्थानाचा भाग वाचून दाखवते. अंगुलिमालालाही दुसरा जन्म मिळतो, पण निराळ्या रीतीने. प्रसूतीत अडलेली एक स्त्री पाहून तो कळवळतो. बुद्ध त्याला सांगतो, तिच्याकडे जा आणि म्हण की जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कोणाचा जीव घेतलेला नाही, या सत्याने तुझे कल्याण होवो. अंगुलिमाल थबकतो. हे तर उघड असत्य होईल. तेव्हा बुद्ध शब्द बदलतो: आर्य जन्माने जन्मल्यापासून. या दुरुस्तीत सगळे आहे. नवा जन्म जुन्या जन्माला खोटे पाडून मिळत नाही. आणि नंतर नगरात भिक्षेला गेलेल्या अंगुलिमालावर दगड पडतात, त्याचे डोके फुटते, भिक्षापात्र भंगते, चीवर फाटते. बुद्ध त्याला सहन करण्यास सांगतो. हा त्या कर्माचाच विपाक आहे. अर्हत झालेल्या माणसाच्याही डोक्यातून रक्त वाहते. विनयात याच्या पुढची एक नोंद आहे. अंगुलिमालाला भिक्षू झालेला पाहून लोक भयभीत झाले, आणि मग कुख्यात दरोडेखोराला प्रव्रज्या देऊ नये असा नियम करण्यात आला. मुक्तीच्या कथेत समाजाचे भय पुसलेले नाही, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला मोलाची वाटावी.

आता तो प्रश्न, ज्याने हा लेख लिहावयास आम्हाला भाग पाडले. काही वर्षांपूर्वी हे सारे वर्गात मांडत असताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, 'म्हणजे लिझावेता मेली ते तिचं कर्म होतं का?' वर्ग शांत झाला. आम्हीही. प्रश्न केवळ कादंबरीचा नव्हता. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या माणसांना त्यांचे दुःख पूर्वजन्मीच्या कर्माचे म्हणून समजावले गेले, त्या समाजातला तो प्रश्न होता.

त्याचे उत्तर पाली ग्रंथांतच आहे आणि ते निःसंदिग्ध आहे. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाला बुद्ध सांगतो की माणसाला होणारी प्रत्येक वेदना पूर्वकर्मानेच होते, हे म्हणणे अनुभवाला आणि लोकमान्य सत्याला सोडून आहे. पित्त, कफ, वात, ऋतूंचे बदल अशी अनेक कारणे तो मोजतो, आणि त्यांत बाहेरून होणारा आघातही आहे. कर्मविपाक हे त्या आठ कारणांपैकी एक. अंगुत्तर निकायात तर तो आणखी पुढे जातो. सारे पूर्वकर्मानेच घडते असे मानले तर खून करणाऱ्यालाही तेच कारण सांगता येईल, आणि मग काय करावे, काय करू नये, या विचारालाच आधार उरणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली ती याच नैतिक कारणासाठी. दीनांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकून टाकावी, एवढाच तिचा उपयोग, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तेव्हा लिझावेताच्या मृत्यूचे कारण लिझावेताचे कर्म नाही. ते रास्कोल्निकोवचे कर्म आहे. कर्मविचार हा कर्त्याने स्वतःकडे वळवावयाचा आरसा आहे. बळी पडलेल्यावर रोखावयाचे बोट नव्हे.

हे एकदा स्पष्ट झाले की कादंबरीतील लिझावेताकडे नव्याने पाहता येते. ती योजनेत नव्हती. रास्कोल्निकोवच्या गणितात म्हातारी वजा होती. लिझावेता त्या गणिताची बाकी आहे. तो स्वतःच एके ठिकाणी चकित होतो की आपण तिचा विचार जवळजवळ करीतच नाही, जणू तिला मारलेच नाही. त्याच्या यातनेत 'मी' किती मोठा आहे, याचा याहून निर्णायक पुरावा नाही. दोस्तोयेव्हस्की मात्र तिला विसरत नाही. सोन्या ज्या पुस्तकातून लाझारसची कथा वाचते ते लिझावेताने तिला आणून दिलेले असते, आणि सैबेरियात रास्कोल्निकोवच्या उशीखाली असलेले पुस्तकही तेच. मारलेल्या स्त्रीच्या देणगीवर डोके ठेवून तो झोपतो. उपसंहारात नव्या जीवनाची चाहूल आहे, ती या उशीसकट वाचली पाहिजे. अंगुलिमालाच्या डोक्यावरचे दगड आणि रास्कोल्निकोवच्या उशीखालचे पुस्तक ही दोन्ही, आमच्या मते, एकाच सत्याची रूपे आहेत. नवा जन्म झाला तरी जुन्या कृतीचे वजन राहते.

कबुलीत लपून बसणाऱ्या या 'मी'चा माग रशियन कादंबरीने पुढेही घेतला. 'द ब्रदर्स कारामाझोव्ह'मध्ये ग्रुशेंका एका दुष्ट म्हातारीची कथा सांगते. आयुष्यात एकदाच तिने भिकारणीला एक कांदा दिलेला असतो. त्या कांद्याला धरून देवदूत तिला अग्नीच्या तळ्यातून वर ओढतो. इतर पापी तिला धरतात तेव्हा ती कांदा माझा आहे म्हणून लाथा झाडते आणि कांदा तुटतो. 1894 साली पॉल कारुस या अमेरिकेतील लेखकाने 'कर्म' नावाची बौद्ध वळणाची गोष्ट लिहिली. तिच्यात नरकातला कंदत नावाचा दरोडेखोर कोळ्याच्या धाग्याने वर चढतो, धागा माझा आहे असे ओरडतो आणि धागा तुटतो. त्याच वर्षी टॉलस्टॉयने ती रशियन भाषेत आणली. पुढे जपानमध्ये अकुतागावाने 1918 साली हीच कथा 'कोळ्याचा धागा' या नावाने अजरामर केली. टॉलस्टॉयच्या 1899 सालच्या 'रेझरेक्शन'मध्ये हेच सत्य कथेच्या बाहेर येऊन माणसाच्या तोंडी बसते. जिला आपण नासवले त्या कात्यूशा मास्लोव्हाला नेख्ल्यूदोव्ह तुरुंगात भेटतो, क्षमा मागतो, लग्नाची तयारी दाखवतो. ती उसळते. या जन्मी माझ्याकडून सुख घेतलेस, आता परलोकासाठीही माझाच उपयोग करून घेणार काय, असा तिचा सवाल आहे. पश्चात्तापही दुसऱ्याला साधन बनवू शकतो, हे तिने ओळखले आहे. शेवटी ती त्याला नाकारून दुसऱ्याची निवड करते.

बौद्ध वाचनाला मर्यादा आहेत हेही मान्य करावयास हवे. सोन्याच्या विश्वात क्षमा करणारा ईश्वर आहे आणि कृपा ही हिशेबाबाहेरची गोष्ट आहे. विपाकाच्या भाषेत कृपेला शब्द नाही. 'दोष दिसतो काय' असे विचारणारा भिक्षू आणि खुन्याच्या गळ्यात पडून त्याच्याबरोबर सैबेरियाला निघणारी सोन्या यांच्यात अंतर आहे, आणि ते अंतर मिटवून टाकणे हा दोघांवरही अन्याय होईल. शेजारी ठेवून वाचण्याचा लाभ इतकाच की एकाच्या प्रकाशात दुसऱ्यातील एखादी कडा दिसते. कबुली म्हणजे पश्चात्ताप नव्हे, यातना म्हणजे शुद्धी नव्हे, क्षमा म्हणजे फळाचा लोप नव्हे, आणि कर्म म्हणजे बळी पडलेल्याची चूक नव्हे. या चार गोष्टी आम्हाला या वाचनातून मिळाल्या.

मिनायेवच्या शहराशी मराठीचाही एक धागा आहे. गोव्यातील सांखवाळ गावी जन्मलेले धर्मानंद कोसंबी 1929 साली तेथे गेले, बौद्धविद्येच्या कामासाठी. शहराचे नाव तेव्हा लेनिनग्राड झालेले होते. ज्या गल्ल्यांतून रास्कोल्निकोवला दोस्तोयेव्हस्कीने फिरवले त्याच शहरात विनयाचा हा मराठी अभ्यासक वावरला. सेन्नाया चौकात गुडघे टेकलेल्या त्या तरुणाला लोक हसले, कारण त्याला ऐकून घेण्याची रीतच त्या चौकाला ठाऊक नव्हती. उपोसथाच्या सभेत तीनदा विचारले जाते आणि उत्तरासाठी थांबले जाते. वर्गात त्या विद्यार्थिनीने प्रश्न विचारल्यानंतर जी शांतता पसरली होती, ती आम्हाला आता त्या सभेसारखी वाटते. आम्हाला विचारले गेले होते, आणि गप्प राहणे हे तेव्हा शुद्धीचे लक्षण नव्हते.